‘सोडियम फॉस्फेट’ म्हणजे नेमके कोणते?



आबिड्समध्ये आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर रसायने विकणारे एक जुने दुकान आहे. गेल्या वर्षी शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनासाठी माझी एक विद्यार्थिनी तेथे शंभर ग्रॅम सोडियम फॉस्फेट आणावयास गेली. दुकानदाराने हैदराबादी रीतीप्रमाणे विचारले, “कौनसा होना, बेटा?” मुलगी गोंधळली आणि रिकाम्या हाताने परत आली. मला म्हणाली, “सर, सोडियम फॉस्फेट म्हणजे सोडियम फॉस्फेट! त्यात कोणते म्हणजे काय?”

दुकानदाराचा प्रश्न अगदी योग्य होता. तो प्रश्न वेळीच न विचारल्यामुळे काय होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. ती हकीकत पुढे सांगेनच. आधी हे लवण समजून घेऊ.

सर्व सोडियम फॉस्फेटांचे मूळ फॉस्फोरिक आम्लात आहे. आपण या आम्लाच्या रेणूला शाळेतील तीन आसनांच्या बाकाची उपमा देऊ. तिन्ही आसनांवर हायड्रोजन बसलेला असतो. आम्लात दाहक सोडा घातला की एक हायड्रोजन उठतो व त्याच्या जागी सोडियम बसतो. एकाच आसनावर सोडियम बसला तर मोनोसोडियम फॉस्फेट, दोहोंवर बसला तर डायसोडियम फॉस्फेट आणि तिन्ही आसने सोडियमने व्यापली तर ट्रायसोडियम फॉस्फेट तयार होते. बाक तेच, पण बसणारे बदलले की वर्गाचा स्वभाव बदलतो, हे शिक्षकाला निराळे सांगावयास नको.

या तिघांचे स्वभाव कसे भिन्न आहेत पाहा. पाणी आम्ल आहे की अल्कधर्मी, हे ज्या अंकाने मोजतात त्याला मराठीत ‘सामू’ म्हणतात. हे माप डेन्मार्कमधील सोरेन्सन या शास्त्रज्ञाने १९०९ साली रूढ केले. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. मोनोसोडियम फॉस्फेटच्या सौम्य द्रावणाचा सामू साधारण ४.५ येतो, म्हणजे ते आम्लधर्मी आहे. डायसोडियमचा सामू सुमारे ९ भरतो, म्हणजे ते सौम्य अल्कधर्मी आहे. ट्रायसोडियमचा मात्र १२ च्या आसपास जातो. हा सामू तीव्र अल्कलीचा होय. सामूतील एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक, हे ध्यानात घेतले म्हणजे या तीन भावंडांमधील अंतर किती मोठे आहे ते कळेल.

हा फरक डोळ्यांनी पाहावयाचा असेल तर प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, दोन सोपे प्रयोग करता येतात. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळविलेला कागद ट्रायसोडियमच्या द्रावणात बुडविला की तांबडा होतो, मोनोसोडियममध्ये मात्र पिवळाच राहतो. उलट मोनोसोडियमच्या द्रावणात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर बुडबुडे फसफसून वर येतात, ट्रायसोडियममध्ये मात्र काहीही हालचाल होत नाही.

स्वभावाप्रमाणेच कामेही निराळी आहेत. ट्रायसोडियम तेलकटपणा कापते, म्हणून ते जमिनी, भिंती आणि यंत्रे धुण्यासाठी वापरतात. कारखान्यांच्या बॉयलरमध्ये कठीण पाण्यातील कॅल्शियमचा थर धातूवर घट्ट बसू नये म्हणूनही ते घालतात. डायसोडियम हे प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये स्निग्धांश व पाणी विलग होऊ देत नाही. मोनोसोडियम आणि डायसोडियम एकत्र मिसळली तर ‘बफर’ म्हणजे सामू स्थिर राखणारे द्रावण मिळते. त्यात थोडे आम्ल पडले तर डायसोडियम ते झेलते आणि थोडी अल्कली पडली तर मोनोसोडियम ती झेलते. आपल्या शरीरातही फॉस्फेट हेच काम करते. मूत्रपिंडे जास्तीचे आम्ल बाहेर टाकतात, ते काही अंशी याच मार्गाने. हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीने तयार केलेल्या ज्या कोव्हॅक्सिन लशीला २०२१ च्या जानेवारीत आणीबाणीच्या वापरासाठी परवानगी मिळाली, तिच्या घटकांतही फॉस्फेट-बफरयुक्त सलाइनचा उल्लेख आहे.

फॉस्फेटचा विषय निघाला की या तेलुगू भूमीच्या एका सुपुत्राचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. भीमवरम येथे १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव हे पुढे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. तेथे सायरस फिस्के यांच्याबरोबर त्यांनी १९२५ साली रक्तातील व मूत्रातील फॉस्फरस मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. फॉस्फेटची मॉलिब्डेटशी संयुक्त अवस्था करून तिला निळा रंग आणावयाचा आणि रंगाच्या गडदपणावरून फॉस्फरसचे प्रमाण काढावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. जगभरच्या प्रयोगशाळांनी ही पद्धत स्वीकारली.

आता या लवणांच्या नावातील दोन सापळे सांगतो. पहिला असा की, मोनोसोडियमलाच ‘सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट’ असे म्हणतात आणि डायसोडियमला ‘डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट’. दोन्ही नावांत ‘डाय’ आहे, म्हणून घाईत वाचणारा फसतो. ‘डाय’ कोणाला चिकटला आहे, हायड्रोजनला की सोडियमला, हे पाहिलेच पाहिजे.

दुसरा सापळा स्फटिकजलाचा. डायसोडियम फॉस्फेट निर्जल मिळते, तसेच पाण्याचे दोन, सात किंवा बारा रेणू सोबत घेतलेलेही मिळते. एक लिटर पाण्यात ठरावीक शक्तीचे, म्हणजे दशांश-मोलर द्रावण करावयाचे असेल तर निर्जल लवण १४.२ ग्रॅम लागते, दोन रेणूंचे १७.८, सात रेणूंचे २६.८ आणि बारा रेणूंचे ३५.८ ग्रॅम. बारा रेणूंच्या स्फटिकात वजनाच्या साठ टक्के पाणीच असते! निर्जलाचे माप धरून ते तोलले, तर द्रावण हव्या त्या शक्तीच्या चाळीस टक्केच भरेल.

मोनोसोडियम व डायसोडियम ही लवणे तापविली म्हणजे त्यांचे रेणू पाणी गमावून एकमेकांना जोडले जातात. त्यातून पायरोफॉस्फेट, ट्रायपॉलिफॉस्फेट इत्यादी आणखी एक कुटुंब निर्माण होते. सिल्व्हर नायट्रेटने साध्या फॉस्फेटचा साका पिवळा आणि पायरोफॉस्फेटचा पांढरा येतो. या भेदामागील कारणाची उकल टॉमस ग्रॅहॅम यांनी १८३३ साली केली. बिस्किटाच्या पुड्यावर ‘४५०’ हा क्रमांक दिसला तर तो पायरोफॉस्फेटचा समजावा आणि ‘३३९’ दिसला तर आपल्या तीन भावंडांचा. ट्रायपॉलिफॉस्फेट कपडे धुण्याच्या पावडरीत वापरले जाई व काही ठिकाणी अजूनही वापरतात. पण गटारांतून आलेले फॉस्फेट तलावात शेवाळाचे खत होते. कुतुबशाही काळात बांधलेल्या आपल्या हुसेनसागराचे हिरवे झालेले पाणी शहराच्या सांडपाण्यातील अशाच पोषणद्रव्यांची साक्ष देते.

आता माझी हकीकत. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका शाळेत विज्ञान शिकवीत होतो. प्रयोगशाळेतील एका मोठ्या बरणीवर मी घाईघाईने केवळ ‘सोडियम फॉस्फेट’ एवढेच लिहिले होते. बरणीत ट्रायसोडियम होते. सुट्टीच्या दिवशी आमच्या शिपाईमामांनी, आम्ही खडूसारखी पूड आहे असे म्हणत असू म्हणून, ती पाण्यात कालवून काचसामान उघड्या हातांनी धुतले. बराच वेळ ते हात त्या पाण्यात होते. संध्याकाळी ते तांबडेलाल झाले आणि त्यांची कातडी सोलली. डॉक्टरांच्या उपचाराने ते पंधरा दिवसांत बरे झाले आणि मला म्हणाले, “सर, तुमची काय चूक?” पण चूक माझीच होती. एक शब्द लिहिण्याचा कंटाळा मी केला, आणि त्याची किंमत दुसऱ्याने चुकती केली.

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक बरणीवर पूर्ण नाव, स्फटिकजलाचे रेणू आणि ‘हातमोजे वापरा’ ही सूचना असते.

आणि ही काळजी प्रयोगशाळेपुरतीच नाही. पोट साफ करण्यासाठी तोंडावाटे घेण्याची सोडियम फॉस्फेटची औषधे काही रुग्णांच्या मूत्रपिंडांना अपाय करतात असे आढळल्यावर, २००८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यांच्यासाठी ठळक धोक्याची सूचना देणे बंधनकारक केले. ज्यांची मूत्रपिंडे दुर्बल आहेत त्यांनी खाद्यपदार्थांतील फॉस्फेटयुक्त घटकांबद्दलही आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे, कारण असे मिसळलेले फॉस्फेट शरीरात सहज शोषले जाते.

माझी ती विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात गेली. बफर करावयाचा होता, म्हणून तिने कागदावर लिहून नेले होते: मोनोसोडियम, दोन रेणू पाण्याचे, डायसोडियम, बारा रेणू पाण्याचे. दुकानदाराने कागद वाचला, मान डोलावली आणि दोन निरनिराळ्या पुड्या बांधून दिल्या. प्रत्येक पुडीवर त्याने आपल्या हाताने पूर्ण नाव लिहिले होते. मी ते पाहिले आणि मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला.