डोक्यावर छत असलेले पाणी : गुहांतील डायव्हिंग आणि घाटावरचे डोह

ग्रँड आयलंड आणि मालवणमुळे स्कूबा डायव्हिंग गोमंतकीयांना आता नवे राहिलेले नाही. साहजिकच समुद्रात एकदोनदा उतरलेल्यांना घाटावरच्या गोड्या पाण्याचे आकर्षण वाटू लागते. गुंजी, जांबोटी, चोर्ला हा खानापूर तालुक्याचा पट्टा आणि अलीकडची सत्तरी येथे धबधब्यांखालचे डोह, नदीतील कोंडी आणि पाण्याने भरलेल्या जुन्या चिरेखाणी आहेत. वरून हे पाणी शांत दिसते. त्याचे नियम मात्र समुद्राहून वेगळे आहेत.

विवर कसे तयार होते?

चुनखडीचा खडक पाण्यात हळूहळू विरघळतो, आत पोकळी तयार होते आणि कधीतरी तिचे छत कोसळते. मेक्सिकोतील युकातान प्रांतातील 'सेनोते' ही अशीच विवरे. सह्याद्रीचा काळा पाषाण आणि जांभा असे विरघळत नाहीत. परंतु धबधब्याच्या माऱ्याने डोहाच्या तळाशी कपारी कोरल्या जातात. कपारीत शिरलेल्या माणसाच्या डोक्यावर खडकाचे छत येते आणि धोका विवरातल्यासारखाच होतो. समुद्रात अडचण आल्यास वर येता येते. येथे मात्र आल्या वाटेनेच परतावे लागते. त्यातच पायाच्या एका फटक्याने तळाचा गाळ उठला, तर हाताचा पंजाही दिसेनासा होतो.

थायलंडचा धडा

जून २०१८ मध्ये थायलंडमधील थाम लुआंग गुहेत १२ मुले आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले. हवेची सिलिंडरे आत पोहोचवून परतताना थाई नौदलाचे माजी पाणबुडे समन कुनान यांचा ६ जुलै रोजी मृत्यू झाला. कसलेल्या पाणबुड्याचीही ही गत होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मुलांना ८ ते १० जुलैदरम्यान बाहेर काढले गेले. गुहेतील पाणी उपसण्याच्या कामी किर्लोस्कर ब्रदर्सच्या तज्ज्ञांनीही साहाय्य केले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात काढलेले सायकलचे दुकान हे या उद्योगाचे मूळ.

पाच नियम

अमेरिकी पाणबुडे शेक एक्सली यांनी गुहांतील अपघातांची चिकित्सा १९७९ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. तिच्यातून रूढ झालेले नियम असे :

१. गुहेचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतल्याशिवाय आत जाऊ नये. समुद्रातील प्राथमिक प्रमाणपत्र येथे पुरेसे नाही.

२. मोकळ्या पाण्यापासून आतपर्यंत अखंड दोरी हवी. गाळ उठल्यावर परतीची वाट डोळ्यांना नव्हे, हाताला सापडते.

३. एकतृतीयांश हवा जाण्यासाठी, एकतृतीयांश परतण्यासाठी आणि उरलेली संकटासाठी. सिलिंडरमध्ये २०० बार दाब असेल, तर तो १३४ वर येताच मागे वळावे. राखीव हवा जोडीदाराचे सिलिंडर बंद पडल्यास दोघांना बाहेर आणते.

४. प्रशिक्षणाने आणि हवेच्या मिश्रणाने घालून दिलेली खोलीची मर्यादा ओलांडू नये.

५. प्रत्येकाजवळ किमान तीन विजेऱ्या असाव्यात.

गोडे पाणी, उंच प्रदेश

समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. साहित्यासह १०० किलो भरणाऱ्या व्यक्तीने समुद्रातलेच शिसे बांधून डोहात उडी घेतली, तर सुमारे अडीच किलो वजन जादा होते आणि ती तळाकडे ओढली जाते.

दुसरी बाब उंचीची. नेहमीची डायव्हिंग कोष्टके साधारण ३०० मीटर उंचीपर्यंतच लागू पडतात. बेळगाव सुमारे ७५० मीटरवर आहे. वातावरणाचा दाब तेथे कमी असल्याने शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा संभव वाढतो. म्हणूनच सकाळी ग्रँड आयलंडला डायव्हिंग करून सायंकाळी चोर्ला घाट चढणे योग्य नव्हे. विमानप्रवासासाठीचा दंडक येथेही पाळावा : एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह केल्यास किमान १८ तास.

पावसाळ्यात धबधबे आणि खाणींत उतरण्यास प्रशासन मनाई करते. तिचे कारणही हेच आहे : गढूळ पाणी, न दिसणारी कपार आणि वर येण्याची बंद झालेली वाट. गुहांतील डायव्हिंग शिकायचेच असेल, तर स्वच्छ पाणी, आखलेल्या दोऱ्या आणि अधिकृत प्रशिक्षक असतील तेथे जाऊन शिकावे. गावचा कोंड हे त्याचे ठिकाण नव्हे.