रविवारची उपासना, सोमवारचा काटा

मराठी ख्रिस्ती जीवनाचा आढावा घ्यायचा म्हटलं की लेखणी सवयीनं अहमदनगर, केडगाव, वसई याच वाटेला लागते. या वेळी मी हुपरीतून निघायचं ठरवलं आहे.

हुपरी म्हणजे चांदी. हातकणंगले तालुक्यातलं हे गाव आणि शेजारचं रेंदाळ इथं घराघरांत पैंजण घडतात. तार ओढणारा वेगळा, झाळ देणारा वेगळा, घुंगरू लावणारा वेगळा, उजाळा देणारा वेगळा. कडीत कडी अडकवण्याचं काम बहुतेक बायकांकडे. जेवणखाण आवरलं, भांडी पालथी पडली की दारातल्या उजेडात बसायचं. मांडीवर फडकं, हातात चिमटा, पुढ्यात ताटली. कडी डोळ्यांत भरेल एवढीसुद्धा नसते. ती खाली सांडली तर केरासकट गोळा करायची, कारण चांदी वजनावर घरी आलेली असते आणि वजनावरच परत द्यायची असते. मधली घट किती धरायची ते ठरलेलं. त्यापेक्षा जास्त उतरली की धनी मान वर करून बघतो.

अशा गावात देवाच्या प्रीतीवर प्रवचन करायला सोपं जातं, कारण पवित्र शास्त्रात चांदी गाळणारा आयताच सापडतो. मलाखी संदेष्ट्यानं देवाला चांदी गाळून शुद्ध करणाऱ्याच्या जागी बसवलं आहे. व्यासपीठावरून मग ती ठरलेली गोष्ट येते: वितळलेल्या चांदीत स्वतःचा चेहरा दिसला की गाळणारा समजतो, चांदी शुद्ध झाली. गोष्ट गोड आहे, पण मलाखीनं ती सांगितलेली नाही. चांदी वितळायला ९६१ अंशांची आच लागते. वितळलेली चांदी हवेतला प्राणवायू ओढून घेते आणि थिजताना तो बाहेर टाकते, तेव्हा ती उसळून तडतडते. मुशीपुढच्या माणसाला चेहरा न्याहाळायला सवड कुठली! तो आचेवर डोळा ठेवून बसतो, जागचा हलत नाही, आणि मलाखीनंही त्याचं ते बसणंच टिपलं आहे.

त्याच अध्यायात पुढं दोनच ओव्यांवर देव न्यायाला येतो, तेव्हा जादूटोणा आणि व्यभिचार करणाऱ्यांच्या रांगेत कोण उभे असतात? मजुराची मजुरी बुडवणारे, विधवेला आणि अनाथाला नाडणारे, परक्याचा हक्क मारणारे. प्रवचन बहुधा त्याआधीच संपतं. चांदीपासून मजुरीपर्यंत दोन ओव्यांचं अंतर, आणि मला तर वाटतं सगळा ख्रिस्ती धर्म त्या अंतरात आहे. योहानाच्या पत्रातही तेच बजावलं आहे: दिसणाऱ्या भावावर ज्याची प्रीती नाही, त्यानं न दिसणाऱ्या देवावरच्या प्रीतीच्या बाता मारू नयेत.

या मुलखात हा धर्म आला तो रॉयल वाइल्डर यांच्याबरोबर, १८५२ साली, कोल्हापुरात. अमेरिकन मिशनरी, शाळांवर त्यांचा भर. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. पुढं अमेरिकेत हजारो विद्यार्थ्यांना परदेशी सेवेसाठी नाव नोंदवायला लावणाऱ्या चळवळीच्या तो अग्रभागी होता. त्या जागतिक चळवळीचं एक मूळ पंचगंगेकाठी निघतं, हे आपल्याकडे फार कमी जणांच्या गावी असतं.

पण खेड्यापाड्यांत नाव पोचलं ते डॉक्टरांचं. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये आले, १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं रुग्णालय उभं राहिलं, तीन वर्षांनी वैद्यकीय शाळाही निघाली. मोतीबिंदूचे आणि मुतखड्याचे रोगी लांबून यायचे. सरकारनं त्यांना ‘सर’ केलं, पण मिरज-सांगलीच्या मधली वॉनलेसवाडी हे त्यांचं जास्त टिकाऊ स्मारक. क्षयरोग्यांचं आरोग्यधाम तिथलं. मिरजेत कुष्ठरोग्यांसाठी रिचर्डसन यांच्या नावाचं रुग्णालय झालं. ज्याच्या हातचं पाणी घरचेही घेत नाहीत, त्याची जखम रोज कुणीतरी धुवायची. प्रीतीची यापेक्षा रोकडी व्याख्या मला सुचत नाही.

केडगावला पंडिता रमाबाईंनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं. १८९६-९७ च्या आणि पुन्हा १९०० च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुली, विधवा आणल्या. त्यांच्या मुक्तिसदनातली पानं दीड-दोन हजारांवर गेली. विहिरी खणल्या, शेती केली, माग घातले, छापखाना चालवला, अंध मुलींना ब्रेल शिकवली. त्या मुली-बायकांना दयेवर पोसायचं रमाबाईंच्या मनात नव्हतं, प्रत्येकीच्या हाताला काम हवं होतं. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं जे भाषांतर केलं, त्याचे खिळे जुळवणाऱ्याही आश्रमातल्याच बायका. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांच्या भक्तिगीतांबद्दल खूप लिहिलं गेलं आहे, म्हणून इथं एवढंच: १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. हा निर्णय अंगावर पडला तो घर चालवणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला हटकून जाणवतं की टिळकांनी धर्म एका दिवसात बदलला आणि लक्ष्मीबाईंनी तो स्वयंपाकघरात, सोवळ्याची एकेक गाठ सोडत, वर्षानुवर्षं बदलला. मला दुसरं जास्त अवघड वाटतं.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आपल्याच काळातले. ‘सुबोध बायबल’ लिहिणारे, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले, आणि वसईची हिरवाई व पाणी वाचवायला रस्त्यावर उतरलेले. २०२४ मध्ये ते गेले. धर्मगुरूनं विहिरींची उठाठेव का करावी, असं त्यांना विचारणारे पुष्कळ होते. रमाबाईंनी विहिरी खणल्या तेव्हा कुणी विचारलं नसेल.

मिशनचं सगळंच चोख होतं असं नाही. पगारी धर्मसेवकांची सवय लागली, मंडळ्यांत जुन्या जातीच्या भिंती उरल्या. त्यात सरकारच्या १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताचा अनुसूचित जातीचा दाखला गेला. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये तो मिळाला, ख्रिस्ती अजून दारातच आहेत. श्रद्धा रोज जगायची म्हणजे काय, हे ज्याला मुलाच्या फीसाठी दाखला लागतो त्याला विचारावं.

आणि हुपरीचं आजचं? चांदीचा भाव किलोला लाखाच्या वर गेला. भाव चढला की सांडलेली कडी महाग होते, कडी जोडणारीचा हात मात्र होता त्याच दरात राहतो. घटीचा ग्रॅम तिच्या मजुरीतून कापताना आजचा भाव लावायचा की कालचा, हे धन्याला ठरवावं लागतं. धनी ख्रिस्ती असो वा नसो, मलाखीची ती मजुरीची ओवी त्याच्या काट्याशी येऊन उभी राहते.