मॉरिशसमधील मराठी : पूर्वजांची भाषा आणि घरातील भाषा

भाषेच्या भूगोलाचा विचार करताना आपण बहुधा एखादा सलग प्रदेश डोळ्यांसमोर ठेवतो, आणि त्या प्रदेशात जी बोलली जाते ती तेथील लोकांची भाषा, असे गृहीत धरतो. हे गृहीत कोठे अपुरे पडते हे पाहावयाचे असेल, तर मॉरिशस बेटाचे उदाहरण मराठीच्या अभ्यासकाला विशेष उद्बोधक आहे. त्या बेटाची भूमी, तेथील लोक आणि तेथील शासनव्यवस्था यांचा विचार केल्यावाचून मात्र तेथील मराठीची स्थिती नीट उमगत नाही.

हिंदी महासागरात, दक्षिण अक्षांश २० व पूर्व रेखांश ५७ यांच्या आसपास, मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटरांवर हे बेट आहे. ते ज्वालामुखीपासून बनलेले असून मध्यभागी पठार व भोवती प्रवाळाचे कडे अशी त्याची रचना आहे. क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर. म्हणजे नागपूर जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही ते किंचित लहान. उष्ण कटिबंधातील दमट हवा व वारंवार येणारी चक्रीवादळे यांमुळे वादळाला तोंड देणारे पीक म्हणून ऊस येथे रुजला, आणि पुढे बेटाची सारी अर्थव्यवस्था उसाभोवतीच उभी राहिली.

बेटावर मूळचे रहिवासी नव्हते. डच १७१० मध्ये निघून गेले. १७१५ पासून फ्रेंचांचा अंमल सुरू झाला आणि १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. जिंकताना त्यांनी रहिवाशांचे कायदे व रीतिरिवाज कायम राखण्याचे मान्य केल्यामुळे राज्य इंग्रजांचे पण समाजव्यवहार फ्रेंचचा, अशी स्थिती निर्माण झाली. आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेल्या गुलामांच्या आणि त्यांच्या मालकांच्या संपर्कातून फ्रेंच शब्दसंग्रहावर आधारलेली क्रिओल भाषा घडली. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. तत्पूर्वी, १८३४ पासूनच, करारबद्ध मजूर हिंदुस्थानातून येऊ लागले होते. पुढील काळात पोर्ट लुई बंदरातून सुमारे पाच लाख मजूर गेले. ते ज्या ठाण्यावर उतरत, त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

यांतील बहुसंख्य मजूर कलकत्ता व मद्रास या बंदरांतून गेले. मुंबईचा वाटा त्या मानाने अल्प होता. मुंबईहून गेलेल्या मराठी मजुरांत कोकणपट्टीतील लोक पुष्कळ होते. याचा एक पुरावा भाषेतच सापडतो. तेथील मराठी समाजाचे जे समूहनृत्य आहे, त्याचे नाव रोमन लिपीत जसे लिहितात त्यावरून ‘झाकरी’ असे वाचावे लागते. हे रत्नागिरीकडील ‘जाखडी’ होय. दंत्य ‘ज’चा घर्षक उच्चार राहिला, ‘ख’मधील महाप्राण लोपला आणि मूर्धन्य ‘ड’च्या जागी ‘र’ आला. क्रिओलमध्ये महाप्राण व मूर्धन्य व्यंजने नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे या बदलाची दिशा स्पष्ट होते. शब्द कोकणातला, उच्चार बेटावरचा.

उसाच्या मळ्यांवर भोजपुरी, तमिळ, तेलुगू व मराठी बोलणारे मजूर जवळजवळ राहत. बेट लहान, वस्ती मिश्र आणि मराठी बोलणारे संख्येने थोडे. अशा स्थितीत समान व्यवहारभाषेकडे झुकणे स्वाभाविकच होते. २०११ च्या जनगणनेत सुमारे ८४ टक्के लोकांनी घरातील भाषा म्हणून क्रिओलचे नाव दिले. म्हणजे मराठी कुटुंबांतही घरातील बोलणे बहुधा क्रिओलमध्येच चालते.

तरीही तेथून मराठी नाहीशी झालेली नाही, आणि याचे कारण शासनव्यवस्थेत शोधावे लागते. मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाले व १९९२ मध्ये प्रजासत्ताक बनले. संसदीय पद्धतीच्या या राज्याच्या विधिमंडळात ६२ निर्वाचित सभासदांची तरतूद असून, विविध समाजांच्या प्रतिनिधित्वाचा तोल राखण्यासाठी आणखी आठपर्यंत जागा देण्याची योजना संविधानातच घातली गेली. विधिमंडळाची भाषा इंग्रजी ठरली, पण सभासदाला फ्रेंचमध्येही बोलण्याची मुभा देण्यात आली. शेजारच्या रॉड्रिग्ज बेटाला २००२ पासून स्वतःची प्रादेशिक सभा आहे. सारांश, निरनिराळ्या समाजांचे वेगळेपण मान्य करून राज्य चालवावयाचे, हे या व्यवस्थेचे सूत्र होय. त्याच सूत्राला धरून शाळेत ऐच्छिक विषय म्हणून मराठी शिकविली जाते, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षण मिळते, नभोवाणीवर तिला स्थान आहे आणि गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते.

याचा परिणाम ‘मराठी’ या शब्दाच्या अर्थावरही झाला आहे. २०११ च्या जनगणनेत घरातील भाषा व पूर्वजांची भाषा असे दोन वेगळे प्रश्न होते. शिवाय धर्माच्या रकान्यातही ‘मराठी’ हे उत्तर नोंदलेले आढळते. भाषेचे नाव प्रथम समाजाचे आणि मग उपासनापरंपरेचे नाव झाले.

आता आपल्याकडे पाहू. भारतीय जनगणनेत मातृभाषा म्हणजे बालपणी आईने ज्या भाषेत मुलाशी बोलणे केले ती भाषा, अशी व्याख्या आहे. ही व्याख्या मॉरिशसला लावली, तर तेथे मराठी जवळजवळ उरलीच नाही असे म्हणावे लागेल. आणि केवळ पूर्वजांची भाषा मोजली, तर ती सुखरूप आहे असा भ्रम होईल. दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरतील. हा प्रश्न दूर समुद्रापलीकडचाच आहे असेही नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची जरीपटक्यातील वस्ती आपल्या शहरातच आहे. सिंधीला १९६७ मध्ये आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, पण तिच्यामागे भारतात स्वतःचे राज्य नाही. अशा वस्तीत आजी, आई व नात यांना ‘तुमची भाषा कोणती?’ असा एकच प्रश्न विचारला आणि तिघींनी ‘सिंधी’ असे एकच उत्तर दिले, तरी त्या उत्तराचा अर्थ तिघींच्या बाबतीत एकच असेल असे नाही.

म्हणून क्षेत्रीय पाहणीस निघणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्रश्नावलीत निदान तीन प्रश्न वेगळे ठेवावेत : वाडवडिलांची भाषा कोणती, घरात कोणती बोलता, आणि मुलांशी कोणती बोलता. पहिल्या उत्तरावरून भाषेविषयीची निष्ठा कळते, दुसऱ्यावरून तिचा आजचा वापर. पण भाषेचे पुढे काय होणार, हे तिसरे उत्तरच सांगते.