दारू सोडणारास सोबत हवी

मावळांतील शेतकऱ्याची जमीन कां जाते, असें विचारल्यास लग्नखर्च, आजारपण, भाऊबंदकी अशीं कारणें सांगण्यांत येतात. महसूल खात्यांतील कारकुनीच्या काळांत फेरफारांच्या अनेक नोंदी आमच्या नजरेखालून गेल्या. त्यांत खरेदी, गहाण, वारस हे शब्द असत; दारू हा शब्द कोठेंहि नसे. तथापि भाताचें खाचर गुंठ्या-गुंठ्यानें कां विकलें गेलें, हें पुष्कळदां साऱ्या गांवास ठाऊक असे. म्हणून हा विषय शेतकीच्या मासिकांत अप्रस्तुत आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

भाजे व आसपासच्या गांवीं दारू सोडविण्याचा रूढ मार्ग म्हणजे शपथ. ती महिन्या-दोन महिन्यांत मोडते आणि माणूस खोटा ठरतो. वास्तविक शपथ एके दिवशीं घेतली जाते, तलफ मात्र रोज येते. इंद्रायणीकांठच्या आपल्या मुलुखांत तुळशीची माळ घालून दारू सुटलेलीं माणसें आहेत. परंतु त्यांस नुसत्या माळेनें तारलें नाहीं. एकादशी, भजन व वारी यांच्या योगानें न पिणाऱ्यांची संगत त्यांस नित्य लाभली. व्यसनमुक्तीच्या सभांचें तत्त्व हेंच आहे.

१९३५ सालीं अमेरिकेंतील अक्रन शहरीं बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींची गांठ पडली. एकमेकांपाशीं मोकळेपणानें बोलल्यानें तलफ आवरतां येते, असा त्यांस अनुभव आला. त्यांतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’, अर्थात् ए. ए., ही संघटना निघाली. १९५७ च्या सुमारास ती भारतांत आली. आज मुंबई-पुण्याकडे तिच्या सभा मराठींतूनहि भरतात. पुण्यांत येरवडा येथें डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्यानें ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ति केंद्र काढलें. तेथें राहून उपचार घेतलेला मनुष्य घरीं परतल्यावरहि त्यानें सभांस येत राहावें, यावर भर असतो.

सभेंत काय चालतें, याविषयीं गैरसमज फार आहेत. तेथें फी नाहीं, हजेरीपट नाहीं, आडनांव कोणी विचारीत नाहीं. दारू सोडण्याची इच्छा एवढीच पात्रता. एकानें आपली हकीकत सांगावी, इतरांनीं मध्यें न बोलतां ऐकावी. उपदेश किंवा वाद करूं नये. नवख्यानें नुसतें ऐकलें तरी चालतें. जन्मभर पिणार नाहीं, असें कोणी वदवून घेत नाहीं. ‘आजचा दिवस पिणार नाहीं’ एवढाच नेम. चहापाण्याचा व जागेचा खर्च सभासद आपसांत वर्गणी करून भागवितात.

आतां मार्ग कसा शोधावा तें सांगतों. जो सकाळपासून पितो, त्यानें दारू एकाएकीं बंद करणें धोक्याचें आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय कांपणें, झटके येणें, भ्रम होणें असे प्रकार होऊन प्राणावर बेतूं शकतें. म्हणून प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांस दाखवावें; सभा ही औषधाच्या जागीं नाहीं. नंतर १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ति दूरध्वनीवर विनामूल्य चौकशी करावी, अथवा मुक्तांगणाकडे विचारावें. सभेचा वार व वेळ समजली, कीं मळवली स्थानकावरून पुण्याची लोकल धरावी. गांवापासून दूर गेल्यानें आरंभींचा संकोच कमी होतो. घरच्यांसहि आधार हवा. त्यांच्यासाठीं ‘अल-अनॉन’ ही निराळी संघटना आहे, आणि मुक्तांगणांत पत्नींसाठीं ‘सहचरी’ हा गट आहे.

‘चारचौघांत अब्रू जाईल’ हा आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. परंतु बाजाराच्या दिवशीं रस्त्यांत पडलेला मनुष्य गांवानें पाहिलेलाच असतो. अब्रू पिण्यानें जाते. सभेंत ती परत मिळण्यास आरंभ होतो.

मध्येंच कोणी घसरला, तर त्यास हिणवूं नये. आषाढांत खाचराचा बांध फुटला म्हणून आपण खाचर टाकून देत नाहीं. पुढची सर येण्यापूर्वीं माती-दगड घालून तो बांधतों. घसरलेल्यानेंहि तसेंच लगेच पुढच्या सभेस जावें.

शेवटीं सोसायटीच्या चालकांस एक विनंती. दोघे-तिघे मद्यपी दारू सोडण्यासाठीं एकत्र बसले, तरी ए. ए. चा गट होऊं शकतो. भाजे, मळवली, कार्ला या गांवांतील कोणी पुण्यास जाऊन सभेची रीत शिकून आले, तर त्यांस बसण्यास आठवड्यांतून एक सांज आपली खोली द्यावी. ते भाडें देऊं करतील. तें अल्प असलें तरी घ्यावें, कारण स्वतःच्या पायावर उभें राहणें हा त्यांच्या नियमांपैकीं एक आहे. खोलींत कोण येतो, कोण जातो, याची चर्चा मात्र पारावर होऊं देऊं नये. एवढें जरी झालें, तरी एखाद्या घरचा सातबारा मुलांच्या नांवीं शिल्लक राहील.