गुरांपेक्षा पाहुणा भरवशाचा

वाळवंटातल्या एखाद्या आडबाजूच्या रँचवर आठवडाभर मुक्काम टाकायचा आणि दिवसातून दोनदा घोड्यावरून रान तुडवायचं, ही अमेरिकी सुट्टी कुठल्या हॉटेलवाल्याच्या डोक्यातून निघालेली नाही. ती काढली पाहुण्यांनी जेरीला आलेल्या गुरेवाल्यांनी. पिट्सबर्गचे ईटन बंधू डकोटात गुरं पाळत होते. पूर्वेकडचे मित्र येत, मनसोक्त राहत, फुकट जेवत आणि घोडे दामटत. १८८२ मध्ये एका पाहुण्यालाच संकोच वाटला आणि त्याने पैसे घ्यायला लावले, असं सांगतात. पुढे १८८६-८७च्या हिवाळ्याने उत्तरेकडच्या कुरणांवर गुरांचा खच पाडला आणि कित्येक मालक बुडाले. गुरांपेक्षा पाहुणा भरवशाचा, हे गणित तेव्हा अनेकांना पटू लागलं. ईटन १९०४ मध्ये वायोमिंगला गेले. त्यांचा रँच आजही चालू आहे. १९२६ मध्ये असल्या रँचवाल्यांनी संघटना उभी केली. तिला पाठबळ होतं नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचं, कारण रेल्वेला प्रवासी हवे होते.

वायोमिंगात हिवाळ्यात बर्फ. ॲरिझोनात तेव्हा कोवळं ऊन. म्हणून हा धंदा दक्षिणेला वाळवंटात उतरला आणि तिथे त्याचा हंगाम उलटा झाला: ऑक्टोबर ते मे. फीनिक्सच्या वायव्येचं विकेनबर्ग हे मूळचं सोन्याच्या खाणीचं गाव. सोनं सरल्यावर रँचवर जगलं. एकेकाळी इथे डझनभर गेस्ट रँच होते, आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. टूसॉनजवळचा व्हाइट स्टॅलियन रँच १९६५ पासून ट्रू कुटुंबाकडे आहे. सुमारे तीन हजार एकर जमीन, आणि शेजार सग्वारो राष्ट्रीय उद्यानाचा.

नेवाडातल्या रँचनी वेगळंच गिऱ्हाईक शोधलं. १९३१ मध्ये त्या राज्याने घटस्फोटासाठी लागणारं वास्तव्य सहा आठवड्यांवर आणलं. मग न्यूयॉर्कच्या श्रीमंत बायका रीनोच्या आसपासच्या रँचवर सहा आठवडे घोडे फिरवत दिवस काढू लागल्या. पाहुणी इथेच होती, अशी साक्ष द्यायला कोर्टात कोणीतरी लागे, आणि तेही काम रँचवाल्यांकडेच येई. नाटककार आर्थर मिलर १९५६ मध्ये घटस्फोटासाठीच पिरॅमिड लेकजवळच्या रँचवर राहिला. तिथे त्याला रानघोडे पकडणारे काऊबॉय भेटले, आणि त्यातूनच पुढे १९६१चा ‘द मिसफिट्स’ हा चित्रपट आला. वाळवंटाने साहित्याला दिलेली ही भेट मला साऱ्या सूर्यास्तांपेक्षा मोलाची वाटते.

पण रँचचा खरा जीव पागेत असतो. आपल्याकडे माथेरानला घोडेवाला लगाम धरून पुढे चालतो आणि आपण फोटोपुरते स्वार असतो. इथे लगाम तुमच्याच हातात. त्यामुळे कोणाला कोणता घोडा द्यायचा, यावर सगळं अवलंबून. हा निर्णय रँगलर, म्हणजे घोडे सांभाळणारा गडी, घेतो. पाहुण्याची उंची, वजन आणि अनुभव त्याने फॉर्मवर वाचलेला असतो, पण त्याचा अधिक विश्वास स्वतःच्या डोळ्यांवर: माणूस घोड्याजवळ कसा जातो, रिकिबीत पाय कसा घालतो. मग जोडी ठरते आणि बहुधा आठवडाभर तीच राहते. जुन्या मराठी हिशेबाने पाहुणा इथे शिलेदार नाही, बारगीर: घोडा धन्याचा, मांड आपली.

घोडे बहुतेक क्वार्टर हॉर्स जातीचे. बुटके, भरदार पुठ्ठ्याचे, गुरं वळवण्यासाठी तयार केलेले आणि स्वभावाने थंड. पाव मैलाच्या शर्यतीवरून जातीला हे नाव पडलं, पण नवशिक्याच्या कामी येतो तो त्यांचा वेग नव्हे, सोशिकपणा. लगाम एका हातात धरायचा. दोरी मानेला टेकली की घोडा वळतो. खोगिराला पुढे जे शिंग असतं ते दोराने धरलेलं जनावर अडकवण्यासाठी. नवखे मात्र भीतीने त्यालाच घट्ट धरतात आणि रँगलर तिकडे काणाडोळा करतो.

पहिल्या दिवशी सगळे एका रांगेत, पावलापावलाने. भरधाव जायचं असेल तर आधी मांड पक्की असल्याचं दाखवावं लागतं. मग कोरड्या ओढ्यांच्या वाळूत घोडे सोडतात, कारण बाकीच्या रानात खडक आणि निवडुंग. त्यात चोया नावाचा निवडुंग फार वाईट. नुसता स्पर्श होताच त्याचा काटेरी गोळा कातडीत रुततो आणि हाताने काढावा तर हातालाच चिकटतो. म्हणून रँगलरच्या खिशात कंगवा असतो. गोळ्याखाली घालून झटका द्यायचा. उन्हाळ्याच्या शेवटी वळीव कोसळतो तेव्हा हेच कोरडे ओढे काही मिनिटांत दुथडी वाहतात, आणि पाऊस भलत्याच डोंगरावर पडलेला असतो.

हा प्रकार स्वस्त नाही. जेवण, खोली आणि घोडा धरून माणशी रात्रीला काहीशे डॉलर पडतात. तरीही मला तो लबाडीचा वाटत नाही. काऊबॉयपणाचं नाटक आहे खरं, पण घोडा खरा आहे. अनेक रँचवर रविवारी घोड्यांना सुट्टी असते, मग पाहुण्याने कितीही पैसे मोजलेले असोत.

मुलं अमेरिकेत असलेल्या, हिवाळ्यात तिकडे जाणाऱ्या मराठी आईवडिलांनी हा बेत जरूर आखावा. पूर्ण लांबीची जाड पँट आणि टाचेचे बूट न्यावेत. शाकाहारी असाल तर आधीच कळवा, कारण तिथलं ताट मांसाभोवती फिरतं. वजनाची मर्यादा बहुतेक ठिकाणी शंभर-सव्वाशे किलोंच्या दरम्यान असते, तीही विचारून घ्या. आणि फॉर्मवर अनुभवाच्या रकान्यात माथेरान धरू नका. ‘नवशिका’ असंच लिहा, म्हणजे घोडा शहाणा मिळेल.