लोखंडात उरलेलं चुंबकत्व

प्रशियाच्या तोफखान्यातला एक तरुण अधिकारी माग्देबुर्गच्या किल्ल्यात कैदेत होता. दोन अधिकाऱ्यांच्या द्वंद्वयुद्धात तो साक्षीदार म्हणून उभा राहिला, हा त्याचा गुन्हा. त्यानं कोठडीतच रसायनं मागवली आणि विजेच्या प्रवाहानं चमच्यावर सोन्याचा मुलामा चढवून दाखवला. माफी मिळाली तेव्हा प्रयोग अर्धवट राहतील म्हणून त्यानं चक्क आणखी काही दिवस कैदेतच राहू देण्याची विनंती केली!

हा वेर्नर सीमेन्स. जन्म १८१६ चा, खंडानं शेती करणाऱ्याच्या घरातला. शिक्षणाला पैसा नव्हता आणि तोफखान्याच्या शाळेत गणित, भौतिकशास्त्र शिकायला मिळत होतं, म्हणून तो सैन्यात गेला. १८४७ मध्ये योहान गेओर्ग हाल्स्के या कसबी कारागिरासोबत त्यानं बर्लिनमध्ये तारयंत्रांचा कारखाना काढला. १८७० मध्ये त्याच्या आणि त्याच्या भावांच्या कंपन्यांनी उभारलेल्या मार्गानं लंडनची तार तेहरानला आणि तिथून पुढं तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीवरून कलकत्त्याला पोचली. अंतर सुमारे ११,००० किलोमीटर, वेळ २८ मिनिटं.

मधल्या काळात, १८६२ ते १८६६, तो प्रशियाच्या विधिमंडळात होता. राजाच्या वाढत्या लष्करी खर्चाला अडवणाऱ्या प्रगतिशील पक्षाच्या बाकांवर एक माजी तोफखाना अधिकारी! पण मला खरा थरार वाटतो तो १८६६ च्या अखेरीस त्यानं केलेल्या कामाचा.

तोवरच्या वीजयंत्रांत पोलादाचे कायमचे चुंबक असत. त्यांचं बळ बेताचं, म्हणून वीजही बेताची. विद्युतचुंबकाचा प्रवाह बंद केला तरी त्याच्या लोखंडात चुंबकत्वाचा किंचित अंश उरतो, आणि सीमेन्सनं तोच कामाला लावला. अशा चुंबकासमोर तारेचं वेटोळं फिरवलं की अगदी क्षीण प्रवाह निर्माण होतो. तो त्याच चुंबकाभोवतीच्या तारेत सोडायचा. चुंबक जरासा बळावतो, त्यानं प्रवाह वाढतो, वाढलेला प्रवाह चुंबकाला आणखी बळ देतो. मग ही वीज फुकटात येते का? मुळीच नाही. बळावलेला चुंबक वेटोळ्याला अडवू लागतो, फिरवायला अधिकाधिक जोर लागतो, आणि त्या श्रमाचीच वीज होते. हे यंत्र म्हणजेच डायनामो. इंग्लंडमध्ये व्हीटस्टन आणि व्हार्ली या संशोधकांनाही त्याच सुमारास हे स्वतंत्रपणे सुचलं होतं.

१८७९ च्या बर्लिन प्रदर्शनात सीमेन्सच्या कारखान्याचं एक छोटंसं इंजिन ३०० मीटरच्या रुळांवर तीन डबे ओढत फिरलं. त्याला ना कोळसा लागला, ना वाफ. डायनामोची वीज दोन रुळांच्या मधल्या तिसऱ्या रुळातून येत होती.