‘रेपेशाज’ : हरलेल्याचा उद्धार

ऑलिंपिकचे दिवस आले कीं घरोघरीं आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारी मंडळी कुस्त्या पाहावयास बसतात. आपला मल्ल हरला म्हणून सर्वजण हळहळत असतां समालोचक म्हणतो, ‘अजून रेपेशाजची आशा आहे.’ वृत्तपत्रांतून ‘रेपेचेज’ असेंही छापलेलें आढळणारा हा शब्द आला कोठून, याचा थोडा विचार आम्हीं येथें योजिला आहे.

शब्द मूळचा फ्रेंच. त्या भाषेंत ‘पेशे’ म्हणजे मासे धरणें. त्यास ‘पुन्हां’ या अर्थाचा उपसर्ग लागून पाण्यांत पडलेलें पुन्हां वर काढणें, बुडत्यास तारणें, असा अर्थ झाला; त्यावरून हें नाम बनलें. थोडक्या गुणांनीं राहिलेल्या परीक्षार्थ्यास वर ओढून घेणें, यासही फ्रेंच लोक हेंच क्रियापद योजतात. नौकांच्या शर्यतींत मागें पडलेल्यांची जी पुन्हां शर्यत होते, तिलाही हेंच नांव आहे.

कुस्तींतील नियम मात्र अधिक मार्मिक आहे. दोन श्रेष्ठ मल्लांची गांठ पहिल्याच फेरींत पडण्याचा संभव असतो. म्हणून उपान्त्य फेरीपूर्वीं जो हरला, त्यास हरविणारा मल्ल अंतिम फेरीस पोहोंचला तरच त्याला कांस्यपदकाकरितां पुन्हां लढतां येतें. म्हणजे हरलेल्यास आपल्याच जेत्याचा विजय चिंतीत बसावें लागतें!

1952 सालीं हेलसिंकी येथें खाशाबा जाधव यांनीं कांस्यपदक मिळविलें. त्यानंतर कुस्तींतील दुसरें पदक भारतास लाभण्यास 56 वर्षें लागलीं, आणि तें लाभलें याच वाटेनें. 2008 सालीं बीजिंग येथें सुशील कुमार पहिलीच कुस्ती हरले. पण त्यांना हरविणारा युक्रेनचा स्टाडनिक अंतिम फेरीस पोहोंचला, आणि सुशील यांनीं पुढील तीन कुस्त्या जिंकल्या. 2016 सालीं रिओ येथें साक्षी मलिक याच वाटेनें गेल्या. शेवटच्या कुस्तींत 0–5 असें मागें पडूनही त्यांनीं ती 8–5 अशी जिंकली.

या शब्दास मराठींत प्रतिशब्द काय? आम्हांस ‘उद्धार’ सुचतो. त्याचाही मूळ अर्थ वर काढणें हाच. पण घरांतील मूल परीक्षेंत नापास झालें कीं काका-आत्यांसुद्धां सर्वजण मिळून त्याचा जो ‘उद्धार’ करतात, तो अगदींच निराळा! कित्येकदां मूल अपयशापेक्षां त्यानेंच अधिक खचतें. रेपेशाज ही दया नव्हे. गुण तेथें फुकट मिळत नाहींत, कुस्ती ज्याची त्यासच मारावी लागते. नियम फक्त पुन्हां आखाड्यांत उतरूं देतो. पुढच्या निकालाच्या दिवशीं दोहोंपैकीं कोणता उद्धार करावयाचा, हें प्रत्येक घरांतील वडीलधाऱ्यांनीं आधींच ठरवून ठेवावें, एवढीच आमची विनंती आहे.